वाघाचा दबा आणि रानगव्यांचे कडे

रायपूर शहरातील जुन्या वस्त्यांची नावे वाचीत गेल्यास वाचकांना एक मौज आढळेल. बूढापारा, ब्राह्मणपारा, कंकालीपारा, तात्यापारा! 'पारा' म्हणजे छत्तीसगढी बोलीत वस्ती किंवा आळी. 'तात्या' हा शब्द मात्र थेट आपल्या माजघरातला. वडीलधाऱ्या माणसाला आदराने आणि थोड्या सलगीने हाक मारण्याचा हा मराठी शब्द छत्तीसगढच्या मातीत एका वस्तीचे नाव होऊन बसला आहे. १७४१ साली नागपूरकर भोसल्यांचे सरदार भास्करपंत कोल्हटकर यांची फौज रतनपुरावर चालून आली. १७५८ पासून बिंबाजी भोसल्यांनी तेथे राहून कारभार पाहिला, आणि १८१८ नंतर इंग्रज अधिकाऱ्याने राजधानी रतनपूरहून रायपूरला हलवली. या उलाढालींत कारकून, शिपाई, भिक्षुक, वैद्य अशी कितीतरी मराठी घराणी इकडे येऊन स्थिरावली. त्यांच्या पुढल्या पिढ्या घरात मराठी, बाजारात छत्तीसगढी आणि कचेरीत हिंदी बोलत वाढल्या.

आज तात्यापाऱ्याच्या चौकात उभे राहिल्यास वाहनांची दाटी, दुकानांच्या पाट्या आणि कर्ण्यांचा गलका यांखेरीज काही जाणवत नाही. या गर्दीतून पूर्वेकडे निघाले, तर अवघ्या शंभर किलोमीटरांवर बिबटे आणि रानगवे यांचे राज्य आहे, हे कोणाला सांगितल्यास खरे वाटणार नाही. त्या राज्याच्या नावातही 'पारा' आहेच. बार आणि नवापारा या दोन वनग्रामांच्या नावांवरून त्या अभयारण्याला बारनवापारा असे म्हणतात. शहरातल्या पाऱ्याहून रानातल्या पाऱ्याकडे आज आपल्याला जावयाचे आहे. तेथे शिकारी जनावर कशी शिकार करते, आणि ज्याची शिकार व्हावयाची ते मोठे जनावर आपला जीव कसा राखते, हे पाहणे हा या प्रवासाचा हेतू.

रस्ता सोपा आहे. रायपूर सोडल्यावर आरंग लागते. तेथील भांड देवळाचे जैन शिल्प पाहण्यासारखे आहे. परंतु आपली वाट पुढची. महानदीचे रुंद पात्र ओलांडले की शेतांचा सपाट मुलूख हळूहळू मागे पडू लागतो. पाटेवा गावाकडून आत वळणारी वाट नेहमीची. दुसरी वाट सिरपूरवरून जाते. हाताशी वेळ असल्यास सिरपूरचीच वाट धरावी, असे आम्ही सुचवू. सातव्या शतकातील विटांचे लक्ष्मण मंदिर तेथे अद्याप डौलाने उभे आहे, आणि त्याच्या दाराच्या दगडी चौकटीपुढे अर्धा तास सहज निघून जातो. त्यानंतर साग, साल, ऐन, मोह, टेंभुर्णी आणि बांबू यांचे मिश्र रान सुरू होते. १९७६ साली घोषित झालेले हे अभयारण्य सुमारे २४५ चौरस किलोमीटरांचे आहे. पूर्वी ते रायपूर जिल्ह्यातच होते. २०१२ साली बलौदाबाजार-भाटापारा हा जिल्हा वेगळा झाल्यापासून ते त्यात गेले. चितळ, सांबर, नीलगाय, रानडुक्कर, अस्वल, रानकुत्रे, गवे आणि बिबटे ही येथली मुख्य वस्ती. मधल्या काळात नाहीसे झालेले काळवीटही अलीकडे येथे पुन्हा आणून सोडले आहेत.

बिबट्याला छत्तीसगढी बोलीत 'चितवा' म्हणतात आणि वाघाला 'बघवा'. बारनवापाऱ्यात चितव्याचे प्रस्थ फार, कारण बघवा येथे क्वचित येतो. बिबट्याचे सामर्थ्य समजून घ्यावयाचे तर प्रथम त्याचे दुर्बलत्व ध्यानी घ्यावे लागेल. पूर्ण वाढीचा बिबट्या साधारणतः तीस ते सत्तर किलोंचा असतो. चितळाचा नर वजनाने त्याच्याहून भारी, सांबर तर तिप्पट-चौपट. शिवाय बिबट्याला दूरवर धावता येत नाही. रानकुत्री सावजाच्या मागे लागून त्याला दमवून पाडतात. मार्जारकुळाला तो मार्ग बंद आहे. त्याचे स्नायू क्षणभराच्या उसळीसाठी घडलेले आहेत, लांबच्या पल्ल्यासाठी नव्हेत. तेव्हा सावजापर्यंतचे अंतर त्याला दिसू न देता कापणे, हाच त्याच्या शिकारीचा निम्म्याहून अधिक भाग असतो. 'दबा धरून बसणे' हा वाक्प्रचार आपल्या भाषेत आला तो उगाच नव्हे.

हा दबा पाहण्यासारखा असतो. पण तो पाहावयास मिळणे हे भाग्याचे काम. पोट जमिनीला लागलेले, खांद्याची हाडे वर निघालेली, मान पुढे ताणलेली. पुढचा पाय जेथे उचलला तेथेच मागचा पाय पडतो, म्हणून वाळल्या पानांवर टाकावयाची पावले निम्मीच होतात. पंजाच्या गाद्या मऊ, नखे म्यानात. चितळाने मान खाली घालून गवत तोडले की बिबट्या सरकतो. मान वर झाली की तो जागच्या जागी गोठतो, मग एक पाय अधांतरी राहिला तरी चालेल. अशी पाव-पाव तासाची सरपट करून तो काही पावलांच्या अंतरावर येतो, आणि मग उसळी घेतो. लहान सावज असेल तर मानेच्या मागे, मोठे असेल तर गळ्याखाली दात रुततात. घसा दाबून धरल्याने श्वास कोंडतो, आणि काही मिनिटांत सारे संपते. रक्ताचे पाट वाहतात अशी जी आपली कल्पना असते ती बहुधा खोटी. हे काम विलक्षण शांतपणे चालते. यानंतर बिबट्या आपली शिकार ओढीत दाट जाळीत नेतो, आणि वाघ, तरस किंवा रानकुत्री यांची धास्ती असेल तेथे स्वतःएवढे ओझे तोंडात धरून झाडावर चढवतो. जुने शिकारी शव पाहून सांगत की मागच्या पुठ्ठ्याकडून खायला सुरुवात झाली असेल तर तो वाघ, पोटाकडून झाली असेल तर बिबट्या. हा नियम अगदी बिनचूक नसला तरी बराचसा खरा आहे.

अमेरिकेतही बिबट्याच्याच आकाराचे एक मार्जार आहे. त्याला प्यूमा किंवा पहाडी सिंह म्हणतात. कॅनडापासून थेट चिलीच्या दक्षिण टोकापर्यंत त्याचा वावर आहे. नावात सिंह असला तरी त्याला डरकाळी फोडता येत नाही. आपल्या घरच्या मांजरासारखा तो गुरगुरतो. त्याची शिकारीची रीत मात्र हीच: दबा, सरपट, उसळी आणि गळ्यावर किंवा मानेवर पकड. शिकार झाडावर नेण्याऐवजी तो ती पालापाचोळ्याखाली झाकून ठेवतो. तिकडचे मूस नावाचे प्रचंड हरिण पळण्याऐवजी पुष्कळदा उभे राहते आणि पुढच्या खुरांनी लाथा हाणते. दक्षिण अमेरिकेतील ग्वानाको हा उंटाचा भाऊबंद कळपात राहून एकमेकांना हाकेने सावध करतो. म्हणजे सात समुद्रांपलीकडे जावे तरी रानाचा हा व्यवहार सारखाच चालतो. नावे तेवढी बदलतात.

आता सावजाची बाजू पाहू. हा भाग पुष्कळांना ठाऊक नसतो, आणि वस्तुतः तोच अधिक मनोरंजक आहे. शिकारी जनावर म्हणजे बलवान आणि सावज म्हणजे बिचारे, अशी जी आपली बाळबोध समजूत, तिला रानात फारसा आधार मिळत नाही. जॉर्ज शॅलर या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९६३ ते १९६५ या काळात कान्ह्याच्या रानात राहून हरणांचा आणि वाघाचा अभ्यास केला, आणि १९६७ साली त्यावर ग्रंथ प्रसिद्ध केला. वाघाचे वीस प्रयत्न झाले तर त्यांतला एखादाच यशस्वी होत असावा, असा त्यांचा अंदाज होता. एकोणीस वेळा उपाशी परतणारा हा राजा आहे! त्याला उपाशी पाठवणारे कोण, तर हेच चितळ, सांबर आणि गवे.

चितळाचे पहिले शस्त्र म्हणजे शेजारी. मोहाच्या झाडावर बसलेली वानरे खाली पाने आणि फुले सांडतात, ती चितळे खातात. त्या मोबदल्यात वरच्या फांदीवरचा पहारा चितळांना फुकट मिळतो, आणि चितळांचे तीक्ष्ण नाक वानरांच्या उपयोगी पडते. व्यंकटेश माडगूळकरांची 'सत्तांतर' ज्यांनी वाचली असेल त्यांना वानरटोळीच्या जीवनाची ओळख आहेच. बिबट्या दिसला की वानर खाकरल्यासारखा जो आवाज काढतो तो एकदा ऐकला म्हणजे विसरणे नाही. मग चितळ पुढचा पाय आपटते, शेपटी वर करते आणि तीक्ष्ण शीळ घालते. येथे एक गोष्ट विचार करण्याजोगी आहे. ही ओरड केवळ सोबत्यांसाठी नसते, ती बिबट्यासाठीही असते. 'आम्ही तुला पाहिले आहे' हा निरोप त्याला मिळतो, आणि ज्याचा सारा भरवसा न दिसण्यावर, तो दिसल्यावर काय करणार? पुष्कळदा बिबट्या लपणे सोडून उघड्यावर उठून उभा राहतो आणि चालता होतो. त्या वेळी त्याच्या चालीत जो कंटाळा दिसतो तो आमच्या मते मोठा मानवी असतो.

सांबराची रीत निराळी. ते अवजड आणि एकांतप्रिय. त्याची 'पोंक' अशी हाक रानात दूरवर जाते, आणि ती हाक वाटाडे सहसा खोटी मानीत नाहीत. चितळ घाईने ओरडते, सांबर खात्री करून ओरडते, असा त्यांचा अनुभव. रानकुत्री मागे लागली की सांबर पाण्यात शिरते आणि पोटापर्यंतच्या पाण्यात उभे राहून शिंगे रोखते. रानडुकराला येथे 'बरहा' म्हणतात. तो पाठ जाळीला लावून, मानेवरचे राठ केस उभारून, सुळे पुढे करतो, आणि अशा बरह्याशी गाठ पडल्यावर बिबट्याच काय, वाघही दहादा विचार करतो. साळिंदराचे काटे सर्वांना ठाऊकच आहेत.

परंतु बारनवापाऱ्याला जावयाचे ते मुख्यतः गव्यासाठी. सकाळच्या उन्हात बांबूच्या बेटाआडून गवा प्रथम दिसतो तेव्हा तो जनावर वाटतच नाही; एखादा काळा खडक हलल्यासारखे वाटते. पूर्ण वाढीच्या नराची खांद्याशी उंची माणसाएवढी, कधी त्याहून अधिक, आणि वजन सातशे किलोंपासून हजारापर्यंत. पाठीवर मानेपासून मध्यापर्यंत स्नायूंची उंच वरंड, कपाळावर राखी रंगाचा कंगोरा, आणि चारही पायांत गुडघ्यापर्यंत पांढरे मोजे. एवढा देह असूनही तो भांडखोर नाही. संशय आला तर नाकातून फुत्कार टाकतो आणि कळप तडक बांबूत शिरतो. एवढ्या मोठ्या प्राण्यांना रान क्षणात कसे गिळून टाकते, याचे नवल वाटत राहते.

पळणे शक्य नसेल, किंवा बरोबर वासरे असतील, तेव्हा गव्यांचे दुसरे रूप दिसते. मोठी जनावरे बाहेरच्या बाजूला येतात, वासरे मध्ये घेतली जातात, आणि शिंगांचे एक कडे तयार होते. गव्याची धमकी देण्याची तऱ्हाही विचित्र आहे. रागावलेला बैल समोरून डोके खाली घालून येईल असे आपण समजतो. गवा मात्र शत्रूला आपली बाजू दाखवतो. आडवा उभा राहून, पाठ कमानदार करून, जणू 'हे सारे अंग नीट पाहून घे' असे तो सांगत असतो. बहुतेक भांडणे या प्रदर्शनावरच मिटतात. न मिटल्यास शिंगांचा हुक बाजूने बसतो, आणि त्या एका हिसक्यात वाघाच्याही बरगड्या राहत नाहीत. गव्याने वाघाला शिंगावर घेऊन ठार केल्याची उदाहरणे नोंदलेली आहेत. उलट वाघानेही पूर्ण वाढीचे गवे मारले आहेत; पण त्यासाठी त्याला मागून, अंधारात, एकट्या पडलेल्या जनावरावर जावे लागते. बिबट्या तर मोठ्या गव्याच्या वाटेलाच जात नाही. तो कळपाच्या मागे मागे राहतो, आणि एखादे वासरू चार पावले मागे राहील याची वाट पाहतो.

२०२४ च्या वसंतात बारनवापाऱ्यात एक नर वाघ कोठून तरी येऊन दाखल झाला. कित्येक महिने तो या रानात वावरला, आणि नोव्हेंबरात कसडोलच्या वस्तीजवळ आल्यावर त्याला बेशुद्ध करून पकडण्यात आले व उत्तरेकडील गुरु घासीदास व्याघ्रप्रकल्पात सोडण्यात आले. ज्या गव्यांनी वाघ पाहिलाच नव्हता त्यांना त्या महिन्यांत त्याच्या वासाची ओळख झाली असणार. शेजारच्या गावांना मात्र ते दिवस फार ओझ्याचे गेले. संध्याकाळ झाली की दारे लावून घ्यावयाची आणि मुलांना अंगणातही सोडावयाचे नाही, ही स्थिती शहरात बसून वाचणाऱ्याला सहज कळणारी नाही.

गव्यापेक्षाही ज्याच्या संरक्षणाची कथा अद्भुत, असा प्राणी म्हणजे रानम्हैस. हिंदीत 'वनभैंसा'. छत्तीसगढ राज्याचा हा राज्यप्राणी. मध्य प्रांतातील वनाधिकारी डनबार ब्रँडर यांनी १९२३ साली या भागातील वन्य प्राण्यांवर जो ग्रंथ लिहिला, त्यात या जनावराला मानाचे स्थान आहे. रानम्हशीची शिंगे सर्व गोकुलातील प्राण्यांत सर्वांत लांब. एकेक शिंग दीड मीटरहूनही मोठे भरते. कळपाला वाघाची चाहूल लागली की म्हशी पळत नाहीत. खांद्याला खांदा लावून त्या फळी धरतात, नाके वर करून वास घेतात, आणि मग सारी फळी एकदम वाघाच्या दिशेने चालू लागते. वाघाला माघार घेण्याखेरीज उपाय राहत नाही. आपल्या घरच्या म्हशींतही ही वृत्ती पुरती मेलेली नाही. म्हशींच्या खिल्लाराबरोबर असलेला गुराखी वाघाच्या रानातही निर्धास्त असे, आणि जखमी वाघाला जाळीतून उठवण्यासाठी शिकारी म्हशींचे खिल्लार पुढे घालीत, अशा हकीकती जुन्या शिकारग्रंथांत ठिकठिकाणी आढळतात. गाई मात्र अशा वेळी शेपट्या उभारून चौखूर उधळतात. गोमातेचा अधिक्षेप करण्याचा आमचा हेतू नाही. परंतु या एका परीक्षेत म्हैस पहिली येते, हे कबूल केले पाहिजे.

असे हे जनावर वाघाला हटवीत आले, आणि तरीही ते मध्य भारतातून जवळजवळ संपले. रायपूरहून राजीमच्या वाटेने गरियाबंदकडे गेल्यास पुढे उदंतीचे अभयारण्य लागते. ते १९८३ साली मुख्यतः रानम्हशींसाठीच राखले गेले, आणि २००९ पासून ते उदंती-सीतानदी व्याघ्रप्रकल्पाचा भाग आहे. २००६ च्या सुमारास तेथे शिल्लक राहिलेल्या रानम्हशींची गणती सातावर आली, आणि त्यांत मादी एकच! शिंगांची फळी काय करणार? शत्रू समोरून आलाच नव्हता. गवताळ माळ नांगराखाली गेले. गावच्या म्हशी रानात चरावयास आल्या आणि रानहेल्यांचा वंश त्यांच्यात मिसळून पातळ झाला. गुरांबरोबर बुळकांडी आली. ही बुळकांडी २०११ साली साऱ्या जगातून नाहीशी झाल्याचे जाहीर झाले. तोपर्यंत तिने गव्यांचे आणि म्हशींचे कळपच्या कळप गारद केले होते. बंदुकीविषयी तर बोलावयासच नको. जे पाऊल मागे न घेण्याचे धैर्य वाघापुढे उपयोगी पडले, तेच बंदुकीपुढे घातक ठरले, कारण फळी धरून उभ्या राहिलेल्या जनावरापेक्षा सोपे निशाण दुसरे नाही.

उदंतीतील त्या एकट्या मादीचे नाव आशा. तिला प्रथम झालेली पारडी नर निघाली, तेव्हा वंश पुढे कसा चालणार अशी चिंता उत्पन्न झाली. कर्नाल येथील राष्ट्रीय दुग्ध संशोधन संस्थेने आशाच्या शरीरातील पेशी घेऊन २०१४ च्या डिसेंबरात तिची प्रतिकृती म्हणता येईल अशी एक मादी जन्माला घातली. तिचे नाव दीपाशा. नवा रायपूर येथे २०१६ साली उघडलेल्या जंगल सफारीत पुढे तिला आणून ठेवण्यात आले. ती खरोखर रानम्हशीसारखी दिसते की गावच्या म्हशीसारखी, यावर पुढे बराच वाद झाला. एकीकडे हा प्रयत्न आणि दुसरीकडे आसामातून नवे रक्त आणण्याचा विचार. त्याप्रमाणे २०२० साली मानसच्या रानातून एक नर व एक मादी, आणि २०२३ साली आणखी चार माद्या, जवळजवळ भारत ओलांडून बारनवापाऱ्यात आणल्या गेल्या व कुंपणाच्या आत ठेवल्या गेल्या. आसामची म्हैस आणि मध्य भारताची म्हैस यांची गल्लत करावी काय, यावर जाणकारांत मतभेद आहेत. आम्हांला त्याहून निराळीच शंका वाटते. फळी धरणे हे पारडू कळपात राहून, मोठ्यांच्या अंगाला अंग लावून शिकत असणार. कुंपणात जन्मलेल्या पारडाला वाघ कोणी दाखवायचा?

महाराष्ट्राच्या वाचकांनी हा प्रश्न परका मानू नये. गडचिरोलीच्या दक्षिण टोकाला, इंद्रावतीच्या काठच्या कोलामारका येथील रानात, रानम्हशींचा एक छोटा कळप टिकून आहे, आणि त्याच्यासाठी २०१३ साली ते रान राखीव करण्यात आले. नदीच्या पलीकडे बस्तर. रानम्हशींना राज्यांच्या सीमा ठाऊक नसल्याने त्या दोन्ही तीरांवर चरतात.

आता थोडे माणसाविषयी, कारण आमचे पुष्कळ वाचक मुलाबाळांसह रानात जातात, आणि काहींची तर घरेच रानाला लागून आहेत. २०२२ च्या गणनेनुसार भारतात सुमारे १३,८७४ बिबटे आहेत. त्यांतले पुष्कळ अभयारण्याबाहेर, शेताशिवारात राहतात. जुन्नर-अकोल्याच्या उसात पिले वाढवणारी मादी ही आता नवलाची गोष्ट उरलेली नाही. बिबट्या माणसाला सहसा सावज समजत नाही, कारण आपण दोन पायांवर उभे असतो. वाकलेला, उकिडवा बसलेला किंवा एकटा लहान जीव मात्र त्याच्या हिशेबात बसतो. म्हणून चैत्रात मोहाची फुले वेचणाऱ्या आणि पुढे तेंदूपत्ता तोडणाऱ्या बायांना अधिक जपावे लागते. मोहाच्या झाडाखाली तर बिबट्याहून अस्वलाचे भय जास्त. जाणत्या बाया एकट्या जात नाहीत. चौघीपाचजणी मिळून, मोठ्याने बोलत, मुलांना मध्ये ठेवून जातात. त्यांना ही रीत कोणी शिकवली नाही, पण गव्यांच्या कड्याशी तिचे साम्य स्पष्ट आहे. रानात बिबट्या किंवा वाघ समोर आला, तर पळू नये. पळणाऱ्याच्या मागे धावणे हा मार्जाराचा स्वभाव. मुलाला उचलून घ्यावे, उभे राहावे, हात वर करून मोठे दिसावे, नजर न काढता पावलापावलाने मागे सरावे. अमेरिकेत पहाडी सिंहाच्या रानात जाणाऱ्यांनाही हाच उपदेश केला जातो. गोठ्याची दारे भक्कम असावीत, रात्री कुत्रे बाहेर बांधू नये, आणि उकिरडा घराजवळ असू नये, कारण उकिरड्यावर कुत्री येतात आणि कुत्र्यांमागून बिबट्या.

अश्विन वद्य द्वादशीला आपण वसुबारस करतो. सवत्स धेनूची पूजा, तिला नैवेद्य, त्या दिवशी गाईचे दूध-तूप वर्ज्य. तात्यापाऱ्यासारख्या वस्तीत आता गोठे विरळ झाले, तरी घराघरांतून ही पूजा पाटावरच्या मूर्तीपुढे होऊ शकते. परंतु त्याच दिवशी अकोले-जुन्नरच्या डोंगरांत वाघबारस असते, हे शहरातील फार थोड्यांना ठाऊक असेल. गुराखी वाघोबाच्या दगडापुढे नारळ फोडतात आणि वर्षभर गुरांना राखण्याची विनवणी करतात. वासराची आई आणि वासराचा वैरी, दोघांची पूजा एकाच तिथीला! 'वाघ म्हटले तरी खातो आणि वाघोबा म्हटले तरी खातो' ही म्हण ज्या लोकांनी केली, त्यांनीच वाघोबा म्हणावयाचे मात्र सोडले नाही. छत्तीसगढच्या गोंड गावांतही बाघदेवाची स्थाने आढळतात.

बारनवापाऱ्याचे रान पावसाळ्यात बंद असते. नोव्हेंबरपासून जूनपर्यंत जाता येते. गवे पाहावयाचे तर फेब्रुवारीनंतर जावे, कारण तेव्हा पानगळ झालेली असते आणि पाणवठे थोडे उरतात. मुक्काम करावा, एका दिवसात परतण्याची घाई करू नये. पहाटे थंडी कडक असते. मुलांसाठी कानटोपी आणि शाल अवश्य न्यावी. गाडीतून उतरू नये, आणि वाटाड्याने बोट ओठावर ठेवले की खाऊचा कागदही वाजवू नये.

संध्याकाळी मुक्कामाच्या ओसरीवर दिवा न लावता बसावे आणि ऐकावे. आधी वानर खाकरेल, लांब, बांबूच्या बाजूला. मग चितळांची शीळ, एक, दोन, मग सलग. त्यानंतर थोडा वेळ काही नाही. एवढ्यात सांबराने जर 'पोंक' केले, तर वाटाडे आपसातले बोलणे थांबवतील आणि त्या दिशेला मान वळवतील. बिबट्या कोणत्या नाल्याने कोणीकडे निघाला आहे, हे त्या आवाजांच्या सरकण्यावरून त्यांना कळते. तो स्वतः मात्र अवाक्षर काढीत नाही.